चार जीबी पुष्कळ

माझा कॉम्प्युटर फार रखडायला लागला, तेव्हा मी टाउनशिपमधल्या शेजारच्या साहेबांना विचारलं, मेमरी किती वाढवू आणि विंडोज नवं घालू का. ते भोपाळच्या कारखान्यात तपासणी विभागात होते. चालतं मशीन पाहिल्याशिवाय मत देत नसत, आणि नापास करायचं ते हिंदीतच करत. माझ्या मागे खुर्ची टाकून, वही उघडून म्हणाले, "रोजचं काम करा."

मी गणेशोत्सवाच्या स्मरणिकेची फाइल उघडून तासभर टाइप केलं. ते वही मिटून उठले.

"नहीं चलेगा. हे तपासणीच्या दिवसाचं काम झालं, रोजचं नव्हे. उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी मी निमूटपणे पत्त्यांचा डाव लावला. अर्धा तास पाहून त्यांनी वहीत लिहिलं, मेमरी चार जीबी पुष्कळ. विंडोज जुनंच ठेवा, नव्यात डावाच्या मधे जाहिराती येतात.

तेवढ्यात आमच्या हिने दारातून विचारलं, "कुठवर आली स्मरणिका?"

नोकरीभर एकही सदोष पुर्जा पास न केलेले साहेब म्हणाले, "काम जोरात चालू आहे, वहिनी."

ती गेल्यावर त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "ती चौकटची नव्वी किलवरच्या दश्शीवर लावा. मघापासून नुसती बसून आहे."