कललेल्या सुक्क्यातली बाहुली
उसाच्या वाळल्या पाल्याचा वास आला की मला निपाणीतल्या आमच्या शाळेचा व्हरांडा आठवतो. त्या वर्षी बाईंनी ज्यू लोकांच्या एका सणाची माहिती सांगितली होती. त्या सणात ती माणसं सुक्का नावाच्या खोपीत जेवतात, छपराच्या पाल्यातून चांदण्या दिसाव्या लागतात आणि पाहुण्यांना आवर्जून बोलवायचं असतं. आम्ही खोक्यांचे, काड्यांचे सुक्के करून व्हरांड्यात मांडले. माझा सगळ्यांत देखणा होता. आप्पांनी शेतातल्या खोपीसारखा पाला घट्ट शाकारून दिला होता आणि पुठ्ठ्याच्या दाराला कडीसुद्धा लावली होती. शेजारच्या बाकावरच्या मुलीचा सुक्का नुसता चार काड्यांचा, एका अंगाला कललेला. मग बाई म्हणाल्या, "आता स्वतःची मातीची बाहुली करा आणि जिच्याकडं जेवायला जावंसं वाटतंय, तिच्या सुक्क्यात ठेवा." माझ्या जिवलग मैत्रिणीनं लाल रिबीन बांधून बाहुली केली. मी दार उघडून धरलं. ती माझ्यासमोरून गेली आणि त्या कललेल्या सुक्क्यात बाहुली ठेवून आली. "माझ्याकडं का न्हाय गं?" मी विचारलं. "तुझ्यात लई अंधार हाय," ती सहज म्हणाली. दिवसभर त्या दोघींच्या बाहुल्या एकमेकींना टेकून बसलेल्या मला वर्गातून दिसत राहिल्या. इतक्या वर्षांनी, परवा बेळगावात त्याच मैत्रिणीच्या नव्या घरी गेले. "ये गं, आत ये," म्हणत तिनं दार उघडलं. आत सोफ्यावर ती कललेल्या सुक्क्यावाली आधीच पाय वर घेऊन चहा पीत बसली होती, अगदी घरच्यासारखी.