लाह्यांची ज्वारी

डॉक्टरांनी आमच्या ह्यांचे बटाट्याचे वेफर्स बंद केले आणि संध्याकाळच्या चहासोबत कुरकुरीत काय द्यायचं, ते माझ्या गळ्यात पडलं. फुटाण्यांनी ह्यांचं पोट फुगायचं, चुरमुरे मऊ लागायचे. शेवटी ज्वारीच्या लाह्या आठवल्या. शाळेत दिवसभर पोरांपुढं ओरडून आलेली मी, तशीच घरची ज्वारी घेऊन मानवतच्या भट्टीवर गेले. तापल्या वाळूत दाणे नुसतेच करपले.

"बाई, ही हायब्रिड हाय, फुटत न्हाई," भट्टीवाला म्हणाला. "जुनी गावरान आणा."

रविवारी एस.टी.नं पोखर्णीला गेले. तिथल्या ओळखीच्या शेतकरीणबाईनं मान हलवली. "जुनी आता कोण पेरतंय, बाई? तुमचे साहेबच तर घरोघर सांगत फिरले, जुनं बी सोडा म्हणून."

खरंच फिरले होते. कृषी खात्याची नोकरी, सायकलवर, वर्षानुवर्षं.

घरी येऊन मी सगळं सांगितलं आणि करपलेल्या दाण्यांची वाटी पुढ्यात आदळली. ह्यांनी एक दाणा दाढेखाली फोडला, बराच वेळ चावला.

"हिचा एकरी उतारा मात्र चांगला यायचा," म्हणाले.