मास्तरांची मूठ आणि माझी सुवार्ता

सकाळी फोन वाजला. मोठी मेहुणी, रूथताई. "बापू, मास्तर गेले." खरं सांगतो, रडू नंतर आलं. पहिला विचार आला तो हा, की अरे, आता भांडायचं कुणाशी?

दानियल मास्तर माझे साडू. माझ्याहून आठ वर्षांनी मोठे, निवृत्त शिक्षक. पांढरकवड्याच्या आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीचा मी वडील, म्हणजे उपासना आणि शिस्त सांभाळणारा. वीस वर्षं आमचा एकच वाद, सुवार्ता म्हणजे काय? मी म्हणायचो, ख्रिस्त आपल्या पापांसाठी मेला आणि उठला, ही सुवार्ता, बस्स! बातमी सांगायची असते. मास्तर म्हणायचे, "उपाशी माणसाले बातमी आयकू येते का, बापू? त्याच्या ताटात पडली, तं सुवार्ता." उपासना संपली की आम्ही कडुनिंबाखाली उभे. बायका कंटाळून घरी जायच्या, आमचं चालूच... काय मजा यायची, राव!

आमच्यात मुठीची पद्धत आहे. रोज स्वयंपाकाआधी बाई मूठभर तांदूळ वेगळे काढते आणि रविवारी चर्चमध्ये आणते. ते धान्य प्रचारकाच्या घरी जायचं, कारण तो सुवार्ता सांगतो. मास्तरांना हे कधी पटलं नाही. एकदा मी नागपूरला गेलो असताना या बाबानं अख्खं पोतं स्कूटरला बांधलं आणि झरीकडच्या एका पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवर नेलं. तिथली घरं जळाली होती. मी तणतणत मागोमाग पोचलो. आलोच आहोत तर दोन शब्द सांगावेत म्हणून बायबल उघडलं, तर मास्तरांनी ते माझ्या हातातच मिटलं. "आपल्या हातात धान्य हाय तोवर तोंड बंद ठेव. नाई तं हे आमिष होते." सगळ्यांदेखत! सहा महिने मी त्यांच्याशी बोललो नाही. आज कबूल करतो, ते बरोबर होते.

शेवटची भेट त्यांच्या खाटेशी झाली. दम लागत होता. "बापू, मी इतक्या लोकाले वाढलं... ते पुरन का रे?" मास्तर घाबरलेले मी पहिल्यांदा पाहिले. माझ्या डोळ्यांत पाणी आणि आवाज मात्र टिपेला! "नाही पुरत, मास्तर! कोणाचंच पुरत नाही. म्हणून तर ती सुवार्ता आहे. जे कमी पडलं ते ख्रिस्तानं भरलं." ते हसले. "जिकला लेका. माया मातीवर हेच सांगजो. पण पैले लोकाले जेवू घालजो."

मी हो म्हणून बसलो. आता मातीचा, म्हणजे दफनाचा दिवस आला, आणि आमच्याकडे शवपेटी घरात असताना चूल पेटत नाही! हा नियम मोडणाऱ्यांना मीच झापलेलं. पण अंगणात त्या पोडावरची वीस-बावीस माणसं बसली होती, पहाटे निघालेली, उपाशी. दफनविधीसाठी आलेले पाळकसाहेब घड्याळ बघत होते. शेवटी ओरडलोच, "चूल पेटवा!"

"बापू पागल झाला का?" कोणीतरी म्हणालं. रूथताई मात्र डोळे पुसत उठली आणि घरातला मुठीचा डबा तिनं माझ्या हातात दिला. ते पाहून शेजारच्या बायका आपापले डबे घेऊन आल्या. सगळ्या मुठींची एकच खिचडी झाली आणि माणसं मास्तरांच्या शेजारी बसून पोटभर जेवली. मग मी पोडावरच्यांना म्हणालो, जेवण झालं, आता जायचं असेल तर खुशाल जा, माझं ऐकायची कोणावर सक्ती नाही. एक माणूस हलला नाही! कबरीपाशी मी माझीच व्याख्या सांगितली, एक शब्दही न बदलता. इतकं मोकळं मी जन्मात बोललो नव्हतो.

धान्य कुणाला द्यायचं, हा वाद मंडळीत अजून पेटलेला आहे. मी आता दोन्ही बाजूंनी भांडतो, लोक हैराण! रूथताईनं तो डबा मला देऊन टाकलाय. रोज सकाळी मूठ मीच काढतो. तांदूळ टाकतो, झाकण लावायला जातो... आणि हात थांबतो. "नाही पुरत, मास्तर," असं म्हणून आणखी एक मूठ टाकतो.