अप्पांचा माइक आणि मागांची खटखट

त्या काळी मी सोलापूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडायला होते. दिवसभर कानाला हेडफोन, तोंडापुढं माइक आणि जिभेवर एकच वाक्य: "मोठ्यानं बोला, ऐकू येत नाही." बार्शीचा व्यापारी पुण्यावर ओरडायचा, पुण्याचा बार्शीवर ओरडायचा, आणि मधे मी. ड्यूटी संपवून घरी आले की कान बधिर, मान आखडलेली, आणि कुणी साधं "जेवलीस का" विचारलं तरी त्याच्या अंगावर धावून जावंसं वाटायचं.

विचारणारे घरी एकटे अप्पा, म्हणजे माझे वडील. अव्वा, म्हणजे आई, जाऊन बरीच वर्षं झाली होती. अप्पांना त्या उन्हाळ्यात अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला आणि आवाज बसला. बसला कसला, गेलाच. गिरणीच्या इलेक्ट्रिक खात्यात जन्म काढलेला माणूस. चालू यंत्रांवरून हाक मारली तर पलीकडच्या खात्यातली माणसं वळून बघायची. आता त्यांच्या ओठाला कान लावल्याशिवाय शब्द कळत नव्हता. ऑफिसात लोक ओरडतात म्हणून माझे कान दुखायचे, आणि घरी काही ऐकू येत नाही म्हणून. कुठं जावं माणसानं?

अप्पा हौशी रेडिओवाले होते. सरकारी परीक्षा, लायसन्स, स्वतःची कॉल साइन, सगळं रीतसर. मिलिटरीच्या भंगारातले व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर जमवून त्यांनी आपल्या हातानं ट्रान्सिव्हर बांधला होता. माइकचं बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं, दोन्ही त्यातूनच. पुढच्या खोलीत त्या लोखंडी डब्याचा मान देवघरापेक्षा जास्त. अव्वा त्याला "माझी सवत" म्हणायची.

रविवारी सकाळी हजेरी असायची. राज्यभरातली अशी वेडी मंडळी एका ठरल्या जागी रेडिओचा काटा लावून बसायची आणि रत्नागिरीकडचे एक निवृत्त मास्तर एकेकाची कॉल साइन पुकारायचे. आपली आली की "हजर" म्हणायचं, पावसापाण्याचं दोन शब्द बोलायचं, की पुढचा. मास्तरांची आणि अप्पांची गट्टी फार जुनी. तोंड मात्र एकमेकांचं कधी बघितलं नव्हतं.

झटक्यानंतर अप्पा खाटेवरून उठून बसायला लागले तसे रविवारी पुन्हा डब्यापुढं बसू लागले. मास्तर त्यांची कॉल साइन पुकारायचे. अप्पा डाव्या हातात माइक घ्यायचे, अंगठा बटणावर ठेवायचे, आणि न दाबताच माइक खाली ठेवायचे. तो माइक जुन्या टेलिफोनमधल्या कार्बनचा होता, मी ऑफिसात वापरायचे त्याच जातीचा. त्याला दणदणीत आवाज लागतो. अप्पांचं कुजबुजणं त्याच्या गावीही नसतं. टिंब-रेषांची, म्हणजे मोर्सची, किल्ली त्यांनी डाव्या हातानं मारून बघितली होती. जमली नाही तेव्हा चिडून कोपऱ्यात भिरकावली. तिकडं मास्तर दोन-तीनदा पुकारायचे, वाट बघायचे आणि "उत्तर नाही" म्हणून पुढं जायचे.

"मी बोलते की तुमच्या वतीनं," मी म्हणाले.

"लायसन्स माझं हाय. आवाज माझाच पाहिजे."

"मग ट्रंक कॉल लावून देते."

मास्तरांकडं फोन नव्हता. असता तरी फोनवर अप्पांचं काय ऐकू जाणार होतं, कपाळ! पत्र टाकू का विचारलं तर "बेडा." नको म्हणायचं असलं आणि वाद घालायचा नसला की अप्पा कानडीत शिरायचे. आजारी आहे म्हणून दया करून कुणी हजेरीत नाव ठेवायला नको होतं त्यांना. मी दमले होते. म्हटलं, बसा मग.

मग एका रविवारी मास्तरांनी पुकारलं, नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबले आणि म्हणाले, "मंडळी, पुढच्या रविवारीही उत्तर आलं नाही, तर हे नाव आता काढावं लागेल. मोठा भला माणूस होता."

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी कान जवळ नेला.

"'होता' म्हणतोय," अप्पा म्हणाले.

मला आधी हसूच आलं. मग त्यांच्या डोळ्यांकडं बघितलं आणि मास्तरांचा असा संताप आला की डब्यात हात घालून त्यांची गचांडी धरावी. जिवंत माणूस इथं लुंगी नेसून बसलाय, सकाळी दोनदा चहा झालाय, आणि हा बाबा त्याला मारून मोकळा!

अप्पांनीच उपाय सांगितला. कपाटात एक क्रिस्टलचा माइक पडून होता, बारीक आवाजही धरणारा. त्याच्या पुढं एका ट्रान्झिस्टरचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर लावला तर कुजबुज बाहेर जाईल. पण तो डब्याच्या पोटात बसवायचा, म्हणजे डबा उघडायचा, आणि हात माझे.

शनिवारी मी रजा टाकली. त्या दिवशी आमच्या भागातल्या कारखान्यांना वीजकपातीची आठवडी सुट्टी असायची, घरांना मात्र वीज असायची. आमच्या भिंतीला भिंत लावून टॉवेलचे माग होते. मागवाल्यांची बाई, आमची शेजारीण, सुट्टी म्हणून दारात निवांत वाती वळत बसली होती. मला हेवा वाटला.

डब्याचं झाकण काढलं तर आत धूळ, तारांचं जंजाळ आणि एक मेलेली पाल. अप्पांचा पहिला नियम: प्लग काढला तरी आतली वीज मरत नाही. दुसरा नियम: एकच हात आत, दुसरा खिशात. "खिसा कुठला आणू?" मी म्हटलं. पदर कमरेला खोचला आणि डावा हात पाठीमागं धरला. त्यांनी खराट्याची काडी घेऊन मोठा कंडेन्सर दाखवला. त्याच्या दोन टोकांना स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर फाटकन ठिणगी उडाली आणि मी "अगं अव्वा गं!" करून खाटेवर जाऊन पडले. अप्पांचे खांदे हलत होते. हसत होते. झटक्यानंतर पहिल्यांदाच.

मग तासन्‌तास तेच. अप्पा काडीनं दाखवणार, कुजबुजणार. मी वाकून कान देणार, परत डब्यात वाकणार. कंबरेचा काटा ढिला झाला. कथलाचा पहिला डाख मळकट बसला, काढ. दुसऱ्यानं शेजारची तार जळाली, बदल. माइकची तार जाळीचीच पाहिजे, जाळी अमुक ठिकाणीच जोडली पाहिजे, नाहीतर नुसता घूं घूं आवाज येईल. आणि एकदा ते काहीतरी सांगत होते, मला कळेना, तर माझ्या तोंडून निघून गेलं:

"मोठ्यानं बोला, ऐकू येत नाही!"

अगदी ऑफिसातल्या सुरात. अप्पांची काडी हवेतच थांबली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि काडीनं परत तीच तार दाखवली.

दुपार कलल्यावर जोडणी संपली. आता आवाज किती वाढवायचा ते लावायचं होतं. त्यासाठी आत एक छोटा पेच होता. शेजारणीला तिचा रेडिओ चालू करून शॉर्टवेव्हचा काटा कुठं ठेवायचा ते सांगून आले. अप्पांनी बटण दाबलं, कॉल साइन सांगितली. काही नाही. मी पेच थोडा फिरवला. काही नाही. अजून फिरवला. अप्पा मनाला येईल ते कुजबुजत राहिले. फिरवत फिरवत पार शेवटाला आणला, आणि भिंतीपलीकडून आरोळी आली:

"अक्का ओ! अप्पा बोलालेत की! उप्पिट्टात मीठ कमी होतं म्हणालेत!"

मी मटकन खाली बसले आणि रडले. किती दमले होते ते तेव्हा कळलं. अप्पांनी त्या रात्री भाकरी मागून घेतली.

रविवारी त्यांनी धुतलेला सदरा घालून घेतला, कपाळाला इभूत लावली. मास्तर एकेक नाव पुकारत आले. अप्पांचं आलं. अप्पांनी बटण दाबलं, माइक ओठाला टेकवला, कॉल साइन सांगितली, "हजर" म्हणाले, आणि बटण सोडलं.

"कोण आहे?" मास्तर म्हणाले. "काहीतरी येतंय, पण नुसती खटखट आहे. शब्द लागत नाही."

अप्पांनी परत सांगितलं. "खटखटच आहे," मास्तर म्हणाले. दुसरा कुणीतरी मधे बोलला, "व्यत्यय आहे मास्तर, पुढं चला."

"काल तर नीट होतं," मी म्हटलं. "काल तर शेजारी..." आणि तिथंच थांबले. काल माग बंद होते. आज भिंतीपलीकडं सगळेच्या सगळे चालू. दोघांच्याही डोक्यात आलं नाही, कारण आम्हाला माग ऐकूच येत नव्हते. त्या आवाजात वाढलेली माणसं आम्ही. माग बंद पडले तरच दचकायचो. मी पेच शेवटाला नेऊन ठेवला होता, आणि माइक आता अप्पांआधी मागांचं ऐकत होता.

मी शेजारी पळायला उठले. निदान पाच मिनिटं बंद करा म्हणून पाया पडले असते. अप्पांनी डाव्या हातानं माझा पदर धरून मला खाली बसवलं आणि डब्याकडं बोट केलं.

"पुढं जाऊ नका," मास्तर म्हणत होते. "सगळे गप्प राहा. ही खटखट माझ्या ओळखीची आहे. इतकी वर्षं त्याच्या बोलण्यामागं बारीक ऐकत आलोय." मग म्हणाले, "सोलापूर, तूच आहेस ना रे? बोलू नकोस, बोललेलं कळत नाही. असलास तर बटण दाब आणि सोड."

अप्पांनी बटण दाबलं. सोडलं.

मग मास्तरांचा आवाज आला आणि तो धड नव्हता. "मागच्या खेपेला 'होता' म्हणालो. जीभ झडो माझी. लिहून घेतो. हजर."

अप्पांनी माइक खाली ठेवला नाही. मांडीवर धरून बसले, गालावरचं पाणीही पुसलं नाही. मी पुसलं. मग तिथंच डब्याशेजारी, जमिनीवर, मला झोप लागली.

दुपारी शेजारीण आली. झालेलं सगळं तिला रेडिओवर ऐकून कळलं होतं. "आधी सांगायचं की ओ अक्का," ती म्हणाली. "रविवारी तेवढा वेळ माग बंद ठेवायला सांगते मी मालकांना. अप्पांसाठी एवढं करत न्हाय का आमी?"

मी अप्पांकडं बघितलं. त्यांनी मान हलवली. मी कान जवळ नेला.

"बेडा," अप्पा म्हणाले. "चालू राहू दे म्हणावं. खटखट नसली तर मास्तर परत 'होता' म्हणेल."