तार न घातलेला जोड

हवेच्या पाइपाचा जोड कसा करतात, हे मले आजही कोनी झोपेतून उठवून विचारावं. पहिले कंप्रेसरचा कॉक बंद. पाइपात उरलेली हवा सोडून द्याची. मंग पाइपाचं तोंड जिकडे मानूस नाही तिकडे धरून थोडीशी हवा माराची, म्हणजे आतला कचरा, पानी निघून जाते. वायसर पाहाचा. मंग पाइपाचं तोंड अन् हॅमरचं, म्हणजे दगडात भोकं पाडाच्या मशीनचं, तोंड एकमेकात अडकवून फिरवाचं. दोन्हीच्या कानाले भोकं असतात, त्यातून तार घालून पिळून घ्याची, बोटानं ओढून पाहाची. अन् मंगच कॉक, हळूहळू, बाजूले उभं राहून.

हे सगळं मले भाऊजीनं शिकवलं, माह्या मोठ्या बहिणीच्या, बाईच्या, नवऱ्यानं. नाकाडोंगरीच्या अलीकडे गिट्टीची खदान होती, तिथं ते दगडात भोकं पाडाचे अन् मी कंप्रेसरवर. मी तेव्हा एकवीसचा होतो.

"साळेबुवा, हवा दिसत नाही म्हणून तिले लहान समजू नका," ते म्हणत. "तुह्या बहिणीचा रागही दिसत नाही."

"सांगू काय बाईले?"

"सांग ना. मंग मले रांधून घालाले तूच ये."

पावसाळ्यात खदान पाण्यानं भरून जाये. पानी उपसून दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी काम सुरू. त्या दसऱ्याले मी काय उत्साहात होतो, सांगू नका. कंप्रेसर घासून पुसून लाल केला, कुंकू लावलं, नारळ फोडला, अन् दोन्ही चाकांवरून झेंडूच्या हाराची मोठी कमान केली. सुतळी पुरली नाही. हॅमरच्या खोक्यात जोडाच्या तारा होत्या, दोनच. त्याच घेतल्या. कमान एकदम झकास दिसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी म्हणाले, "आजपासून जोड तुह्याकडे. मी पाहनार नाही. दिवाळीपर्यंत तुले हॅमर धराले लावतो." हे ऐकून तर मी हवेतच.

अन् तार? तार कमानीत. आमच्याकडे पूजेचा हार तोडत नाहीत, सुकून पडू देतात, मंग तलावात सोडतात. मालक तर म्हणे, हार तोडला का मशीन वरीसभर रुसते. मी हाराले हात लावला अन् मागे घेतला. मनात म्हटलं, दुपारी गावातून तार आनू, तोवर काय होते. बाकी सगळं बरोबर केलं. हवा मारली, वायसर पाह्यला, तोंडं फिरवून घट्ट केली. एवढं बरोबर केलं म्हणूनच कदाचित मले भीती वाटली नाही.

जोड करून मी वर कंप्रेसरजवळ आलो, तसे खालून, हॅमरजवळून भाऊजी ओरडले, "तार घातली काय?"

"घातली."

त्यायनं वाकून जोड पाह्यला नाही. मले म्हटलं होतं ना, पाहनार नाही म्हणून.

दगडात एक भोक झालं, दुसरं अर्धं. हॅमरच्या हादऱ्यानं जोड फिरत गेला असेल. एकदम सुटला. पाइप उठला, दगडावर आपटला, पुन्हा उठला अन् लोखंडी तोंडानं त्यायच्या तोंडावर बसला. मी कॉक बंद करून खाली पळालो. ते एका हातानं उजवा डोळा दाबून बसले होते अन् दुसऱ्या हातानं पाइपाचं तोंड चाचपत होते. तारेच्या रिकाम्या भोकावर बोट थांबलं.

गिट्टीच्या ट्रकमध्ये भंडारा, तिथून नागपूर. डोळा गेला.

मालक दवाखान्यात आला. "जोड कोनी केला होता?"

"तार होती शेठ," भाऊजी खाटेवरून म्हणाले. "जुनी होती, तुटली. पोराची चूक नाही."

मी पायथ्याशी उभा होतो. तोंड उघडाचं होतं. नाही उघडलं.

एका डोळ्याच्या मानसाले मालकानं हॅमरवर ठेवलं नाही. भाऊजी बाईले घेऊन आसगावले गेले, आपल्या बापाच्या धानाच्या बांधीत शेती कराले. अन् त्यायचा हॅमर मले मिळाला. चार वर्षं झाली, मीच चालवून राहिलो.

यंदा ठरवलंच होतं, बाईले खरं सांगाचं. एस्टीत बसून पूर्ण रस्ताभर मनात वाक्यं बांधली, पवनीपर्यंत पाठही झाली. घरी गेलो तर शेजारीन बसली होती. बाई तिले सांगून राहिली होती, "हाच माहा भाऊ. यानं पळत जाऊन हवा बंद केली म्हणून हे वाचले. नाहीतर मी आज कपाळ पुसून बसली असती."

शेजारीन माह्याकडे कौतुकानं पाहून हसली. माही वाक्यं कुठच्या कुठं गेली.

भाऊजीनं मान पूर्ण वळवली, डाव्या डोळ्यानं पाहता यावं म्हणून.

"त्याले भात वाढ," बाईले म्हणाले. "येवढ्या दुरून आला."

मी जेवलो. बाईनं वाढला तसा दोनदा भात घेतला, अन् सकाळच्या एस्टीनं परत आलो.