खांबाच्या पोटातलं टोक

बायकोची तेरवी झाली आणि दुसऱ्याच दिवशी मी फुलसावंगीकडच्या पुलावर सळया बांधायला गेलो. लोक म्हणाले, बुढ्याला लाज नाही. नसू दे. रिकाम्या घरात चूल बघत बसण्यापेक्षा लोखंड बरं.

एका खांबाचा सांगाडा बांधून झाला, तशा नव्या इंजिनिअर बाई आल्या. उभ्या सळयांभोवती मी बसवलेल्या रिंगा त्यांनी चाचपल्या.

"काका, हे पास नाही. रिंगेची टोकं काटकोनात ठेवलीत. ती आत वळवा, खांबाच्या पोटात."

"मॅडम, सारी उमर असंच वाकवून राह्यलो. एक तरी पूल पडला काय?"

"मोठा भूकंप आलता काय?"

मुकादम हसला. "बुढ्याले घरी धाडा, मॅडम. दुसरा आणतो."

काम गेलं तर दिवस कुठं घालवू?

बाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "भुई जोरात हालली की बाहेरचं काँक्रीट फुटून गळतं. टोक त्यातच असलं तर रिंग उघडते, मग उभ्या सळया फाकतात."

मला बायको आठवली. माझी बुढी तुरीच्या पेंढ्या बांधायची तेव्हा बंधाला पीळ देऊन टोक पेंढीतच खुपसायची. माझी पेंढी बैलगाडीतच सुटायची. "आवो, टोक बाहेर ठेवता कायले? गाडी हालली का झालं," म्हणत ती माझ्याही पेंढ्या पुन्हा बांधायची. मरेस्तोवर ती हेच सांगत होती आणि मी गधा सळयांना ते लावलंच नाही.

साऱ्या रिंगा सोडल्या. टोकं आत वळवली, तर मुकादमाच्या हाताखालच्या पोरांच्या हातून रिंगा सळयांत शिरेनात. "होत नाही," ते म्हणाले. मी रिंगेचं तोंड बाजूला न ताणता खाली-वर फाकवलं, रिंग सळयांभोवती घातली, तोंड परत दाबून मिटवलं. बसली! एकीचं टोक या कोपऱ्यात, तर वरचीचं पुढच्या कोपऱ्यात. बुडाशी रिंगा दाट, सांगितल्या तशा. चार दिवस हात सोलून निघाले.

बाईंनी टेप लावून एकेक रिंग पाहिली. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "एक खोट नाही. उरलेले खांबही काकाच बांधतील. बाकीच्यांनी त्यांच्या हाताखाली शिकायचं."

मुकादमाचं तोंड एवढंसं झालं. "मंग मी काय करू?"

"सळया उचल," मी म्हटलं.

त्यानं उचलल्या.