देण्याघेण्याचं बोलणं

बारावीची परीक्षा संपली त्या आठवड्यात काळाचौकीच्या आमच्या खोलीत एक गृहस्थ आले. इस्त्रीचा शर्ट, हातात मिठाईचा बॉक्स. त्यांनी आईला माझी उंची विचारली, मग बाबांची विचारली. गुडघ्याचं वगैरे काही दुखणं नाही ना, हेही विचारून घेतलं. आईने लगबगीने पोहे भिजवले. आमच्याकडेच राहणारी आत्या पदर सावरून त्यांच्यासमोर बसली आणि थेट विषयाला आली.

"देण्याघेण्याचा काय ता आधीच बोलून घेवया."

गृहस्थ जराही गडबडले नाहीत. "ते सरांशी झालंय," म्हणाले.

ते एका बड्या कॉलेजच्या जिमखान्याचे होते. सर म्हणजे भोईवाड्याजवळच्या मैदानावर आम्हाला बास्केटबॉल शिकवणारे कोच. कॉलेजला उंच मुलगी हवी होती आणि सरांनी ती परस्पर देऊन टाकली होती. हे स्थळ नव्हे म्हटल्यावर आत्याचा चेहरा पडला. गृहस्थांनी मात्र पोहे दोनदा घेतले. मला तेव्हाच राग यायला हवा होता, पण मी खूश झाले, कारण जाताना ते म्हणाले, "सरांच्या दोघी येतायत आमच्याकडे, स्पोर्ट्स कोट्यातून."

दोघी म्हणजे मी आणि माझी मैत्रीण, यात विचारण्यासारखं काही नव्हतंच. ती समोरच्या चाळीतली. उंचीने माझ्या खांद्याला लागायची, पण मी कुठे पोचणार हे तिला माझ्याआधी कळायचं आणि बॉल तिथे येऊन थांबलेला असायचा. बास्केट माझं, नावही माझंच. तिचे मार्क बेताचे होते. कोट्याशिवाय त्या कॉलेजात तिला कुणी उभं केलं नसतं. तिच्या आईने तर चाळीत सांगूनही टाकलं होतं.

ट्रायलला ती जीव तोडून खेळली. तिथे दादरच्या एका साडीवाल्यांची मुलगी होती, पायात कोरे बूट. बॉल अंगावर आला की ती डोळे मिटायची. नोटीस बोर्डावर माझ्या नावाखाली त्या साडीवाल्यांच्या मुलीचं नाव लागलं. सरांच्या घरी त्याच महिन्यात एसी बसला होता. गृहस्थ खोटं बोलले नव्हते. दोघी एवढंच म्हणाले होते, त्यात मैत्रिणीला आम्ही घातलं होतं.

मी सरांना विचारलं. "तुझं झालंय ना? मग गेमवर लक्ष दे," ते म्हणाले. मी तडक मैत्रिणीकडे गेले आणि मीपण जात नाही म्हणून सांगितलं. तीच भडकली.

"येडी आहेस का? तू नाही गेलीस तर मला बोलावणारेत का ते? गप जा."

मी गेले. तिने परळच्या एका कॉलेजात नाव घातलं. तिथे जिमखान्यात फक्त कॅरम होता.

त्या वर्षी आमची टीम जिंकली आणि नवरात्रात मंडळाने सत्कार ठेवला. सरांनी माइक हातात घेतला. "ह्या दोघी माझ्याच हाताखाली तयार झाल्या," म्हणाले. साडीवाल्यांची मुलगी माझ्या बाजूला अंग चोरून उभी होती. वाईट नव्हती ती. अख्खा सीझन बेंचवर बसून तिने आम्हाला पाण्याच्या बाटल्या दिल्या होत्या. माझी मैत्रीण मंडळाचं काम करायची, त्यामुळे शालींचं तबक तिच्याच हातात होतं. तिच्याकडे बघायची माझी हिंमत होईना.

पहिल्या रांगेत आत्या बसली होती. माझी एकही मॅच तिने कधी चुकवली नव्हती. तिचा आवाज मुळातच मोठा.

"ही दुसरी खयची? हिका मी कधी खेळताना बघूक नाय." मग तबकाकडे बघून, "आणि तुझा काय झाला गो?"

सरांनी माइक खाली केला. मैत्रीण हसली.

"माझं जमत आलं होतं आत्या," तिने तबक माझ्यापुढे धरलं. "देण्याघेण्यावरून मोडलं."